खिळा नसलेली टोपली

दादा,

तुझ्या शाळेची पोरं तुझ्यावर एक पुस्तिका काढतायत. पोरं कसली, टकलं पडलेली माणसं आहेत ती आता. म्हणाले, ताई, सरांची बहीण म्हणून दोन पानं द्या. दिली. तू किती साधा होतास, वेल्ह्याच्या शाळेत चिखल तुडवत कसा जायचास, पोरांवर कधी हात कसा उचलला न्हाईस, सगळं गोड गोड लिहून दिलं. हे मात्र फक्त तुला लिहितेय, आणि मी बोलते तसंच लिहिणार. जन्मभर अंगणवाडीत पोरांना शुद्ध बोला म्हणून सांगितलं. आता तुझ्या लाल पेनाची मला भीती न्हाई.

तुझ्यावर माझा राग आहे, तो आधी सांगते. तू गेलास ते गेलासच, पण जाताना तुझा तो प्रयोग माझ्या गळ्यात टाकून गेलास. आणि प्रयोग कशावर? आईच्या कोंबड्यांवर.

मागच्या थंडीत आमच्या भाटघरला मानमोडी आली, ते तुला माहीत आहे. सकाळी खुराडं उघडावं तर कोंबडी मान वाकडी करून गरागरा फिरतेय, आणि दुपारी आडवी. वस्तीतली खुराडीच्या खुराडी रिकामी झाली. माझ्याकडं एवढ्या कोंबड्या होत्या, त्यातल्या दोन उरल्या आणि एक कोंबडा. पहिल्या बाळंतपणानंतर आईनं मला सासरी धाडलं तेव्हा डालग्यात जी जोडी घालून दिली होती, तिचं हे उरलेलं वाण. पायांना पार नखांपर्यंत पिसं. गावानं नाव ठेवलं, विजारवाल्या कोंबड्या. दुसऱ्या कुणाच्या कोंबड्याशी जमलं की पिल्लांची विजार आखूड होते, म्हणून मी एवढी वर्षं राखण केली त्यांची. लोक हसले तरी केली. आईचं दुसरं काय आहे माझ्याकडं? एक फोटो आहे, त्यातही तिनं डोळे मिटलेत.

तुला त्या पायांचं भारी वेड. पांढरी पँट घालून माझ्या अंगणात गुडघे टेकून बसायचास आणि कोंबडीचा पाय हातात धरून मला दाखवायचास. "हिरे, हे बघ, ही खवलं. सरड्याच्या पाठीवर असतात तशी. आणि त्याच कातडीतनं हे पीस आलंय. खवलं आणि पीस एकाच पायावर! लोक कुठं कुठं जातात बघायला, आणि तुझ्या उकिरड्यावर फिरतंय."

"मग?"

"मग काय, तू डायनासोर पाळलेत."

"तर मग खुराडं साफ करायला ये. डायनासोरची घाण मी एकटीनं का काढू?"

तू हसून लोळायचास. मग गंभीर व्हायचास, मास्तर अंगात यायचा. म्हणायचास, म्हैशीएवढे, एस्टीएवढे ते सगळे मेले, पण त्यांच्यातली एक फांदी होती लहान. दोन पायांवर पळणारी, तीन बोटांची, पोकळ हाडांची, अंगावर पिसं असलेली. दगडात त्यांच्या पिसांचे ठसे सापडलेत, काहींच्या पायांनासुद्धा. ती फांदी मेली न्हाई. ती तुझ्या दारात दाणे टिपतेय. चिमणीपण तीच, घारपण तीच.

मला ते पटायचं न्हाई. खरं सांगू, मला पटवून घ्यायचंच नव्हतं. तू सांगितलंस की मी मान हलवायची हे लहानपणापासनं चाललेलं. एकदा जेवताना तू रश्श्यात बोटं घालून ते चिमट्यासारखं हाड काढलंस आणि ताटाच्या कडेला ठेवून म्हणालास, हे हाड पाखरांना असतं आणि त्या जनावरांना होतं, बाकी कुणाला न्हाई. आमचे हे म्हणाले, "मास्तर, जेवू द्या हो. घासागणिक कोटी कोटी वर्षांच्या बाता मारू नका." तू तेवढ्यावर थांबतोस होय! धरणाच्या खालचा काळा कातळ, ज्याच्यावर आम्ही गोधड्या धुतो, तोसुद्धा त्यांच्याच शेवटाच्या सुमाराचा, तेव्हा हितं जमीन फाटून तापलेला रस वाहत होता, असं सांगत बसलास. रस्सा गार झाला. ह्यांनी तुझ्या ताटातली फोडपण उचलून खाल्ली, तरी तुझं लक्ष न्हाई.

पण त्या दिवशीची एक गोष्ट माझ्या मनात राहिली. तू सांगितलंस, लांब कुठल्या वाळवंटात एका जनावराची हाडं सापडली, अंड्यांच्या ढिगापाशी. शहाण्या माणसांनी ठरवलं, दुसऱ्याची अंडी खायला आला होता, आणि त्याचं नावच ठेवलं अंडीचोर. मग पुष्कळ वर्षांनी तसलीच आणखी सापडली. ती तर अंड्यांवर बसलेली होती, दोन्ही हात पसरून अंडी झाकलेली, अशीच वाळूखाली गाडली गेलेली. आणि तसल्या अंड्यात बघितलं तर आत त्यांचंच पिल्लू.

"म्हणजे आई होती की ती!" म्हणलं मी.

"आई असंल, न्हाईतर बाप. काहीजण म्हणतात बापच बसायचा."

"बाप बसायचा? आमच्या ह्यांना सांग जरा." मग मी विचारलं, "नाव बदललं का रे मग तिचं?"

"न्हाई. एकदा ठेवलेलं नाव बदलत न्हाईत."

"मेल्यांनो," म्हणलं मी. कुणाला म्हणलं ते माझं मलाच माहीत न्हाई, पण मला लई राग आला होता.

तर भांडण. उन्हाळा लागला आणि माझ्या उरलेल्या दोन्ही कोंबड्या एका वेळी खुडूक बसल्या. मी देवाला नारळ ठेवला. दोघींखाली अंडी बसवली, पिल्लं निघाली, तर आईचं वाण राहिलं. न्हाई निघाली, तर संपलं. कोंबडा म्हातारा झालेला, पुढच्या खेपेचा भरवसा न्हाई. मी टोपलीत भाताचा पेंढा अंथरला आणि रिवाजाप्रमाणं पेंढ्याखाली लोखंडाचा खिळा आणि एक लाल मिरची ठेवायला घेतली. वळवाचे दिवस. वीज कडाडली की अंड्यातला जीव दचकतो, अंडी नासतात, लोखंड असलं की धक्का त्यात उतरतो. आई ठेवायची, आजी ठेवायची. नेमका तू तेव्हाच शिवऱ्याच्या तुझ्या घरनं स्कूटरवर आलास.

"खिळा?" म्हणालास. "अगं, लोखंड विजेला अडवतं होय? अंडी नासतात ती उकाड्यानं, हाताळल्यानं, कोंबडी घाबरून उठली म्हणून."

"मग तुझं काय जातंय एक खिळा राहिला तर?"

"तुझं गेलं ना पण! खिळ्यावर भरवसा ठेवलास आणि लस चुकवलीस. मानमोडीला खिळा दाखवायचा होतास मग."

हे तू बोलायला नको होतंस. लसीची बाटली बर्फात ठेवून आणावी लागते, एकदा फोडली की सगळी वापरावी लागते, चार कोंबड्यांसाठी कोण येतंय भाटघरच्या वस्तीवर? हे तुला ठाऊक होतं. मी म्हणलं, तू जा. आणि तू चहा न पिता गेलास. पार कापूरहोळपर्यंत गेलास आणि तिथनं परत फिरून आलास. मला वाटलं माफी मागायला आला. छे! दारातनंच म्हणालास, "हिरे, दोन कोंबड्या आहेत ना? दोन टोपल्या कर. एकीत खिळा ठेव, एकीत नको. बघू काय होतंय ते."

"ही शेवटची आहेत, दादा."

"म्हणून तर. एरवी तू मनावर घेणार न्हाईस." आणि मग हळूच, "रिटायर झालो तरी वेल्ह्याच्या शाळेत जातोच की मी, तिथं सांगून पण बसलोय. पोरं वाट बघतायत निकालाची."

माझ्या कोंबड्या, आईचं वाण, आणि हा शाळेत जाहीर करून मोकळा! मी तुला काय काय बोलले ते हितं लिहीत न्हाई. तुला सगळं ऐकू आलं, शेजारी कासाआत्यालाही आलं. शेवटी तू म्हणालास, "खिळ्याच्याच टोपलीत पिल्लं निघाली आणि माझी नासली, तर शाळेत उभा राहून सांगीन, माझी बहीण बरोबर होती आणि मी चूक होतो."

इथंच मी फसले बघ. साठी आली माझी, दादा, एवढ्या वर्षांत तू एकदासुद्धा असं म्हणाला न्हाईस. ते ऐकायला मिळंल म्हणून मी आईचं वाण डावावर लावलं. लावलं तर लावलं. मी पण तुझीच बहीण.

खिळ्याची टोपली मी भरली. दुसरी तू मला भरू दिली न्हाईस. "तू पेंढ्यात खिळा लपवशील, ओळखतो मी तुला," असं म्हणून मला पाणी आणायला आत पाठवलंस आणि पेंढा स्वतः अंथरलास, अंडी स्वतः ठेवलीस, कोंबडी पण स्वतःच बसवलीस. तिनं तुला टोचलं, तर तिला सॉरी म्हणालास. मग माझ्याकडनं शब्द घेतलास. काही झालं, आभाळ फाटलं तरी ह्या टोपलीत लोखंड घालायचं न्हाई, आणि उगा पेंढा उचकून बघायचं न्हाई. "बोल, आईची शप्पथ." मी घेतली शप्पथ.

मग आठवड्याभरात तू गेलास. कसा गेलास, कुठं गेलास, ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगून झालंय. मी ते पुन्हा लिहीत न्हाई.

शिवऱ्याला तुझ्या घरात माणूस मावत नव्हतं. बाहेर हायवेवर ट्रक चाललेले, आत बायका रडतायत, आणि मी मोरीजवळ उभी राहून भाटघरला फोन लावतेय. "उठली का कोंबडी? दाणापाणी टोपलीजवळ ठेवलं का? उठली तरी लगेच बसती का?" ह्यांनी सांगितलं, बसल्यात दोघी, तू तिकडचं बघ. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, भाऊ गेला आणि हिला कोंबडीची पडलीय. पडली होती. मला दुसरं कशाचं काहीच कळत नव्हतं. तू गेलास हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं, पण एकवीस दिवस कोंबडी बसली पाहिजे एवढं मात्र लख्ख कळत होतं.

वहिनीनं तुझ्या फोटोपुढं तुझ्या वस्तू मांडल्या. चष्मा, पेन, शाळेतली शिट्टी. मग म्हणाली, "ह्यांचा चुंबक कुठाय?" तो घोड्याच्या नालेसारखा वाकडा, लाल रंग उडालेला. शाळेत बक्षीस मिळालेला. तू लहानपणी तो ओढ्याच्या वाळूत फिरवायचास आणि काळे कण चिकटले की मला दाखवायला पळत यायचास. माझ्या हरवलेल्या सुया त्यानंच सापडायच्या. म्हातारा झालास तरी पिशवीत असायचाच. वहिनीनं पिशवी उलटी केली, स्कूटरची डिकी बघितली, गादीखाली बघितलं. न्हाई मिळाला. धावपळीत कुठं पडला असंल म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. दहाव्याचं मी काही सांगत न्हाई. घाटावर कावळ्याचं जे व्हायचं ते झालं. तू असतास तर तिथंपण भटजीला डायनासोर ऐकवला असतास.

मी घरी आले आणि दुसऱ्याच दिवसापासनं दुपारची ढगं यायला लागली. धरणाच्या वरच्या अंगाला काळं व्हायचं, वारं सुटायचं, गुरगुरायचं आणि जायचं. रोज. मी दोन्ही टोपल्या पडवीच्या आतल्या कोपऱ्यात सरकवलेल्या. रोज त्या कोपऱ्याकडं बघत हातातलं काम करायची. भाकरी करपल्या, दूध उतू गेलं. ह्यांचा एकच धोशा, "टाक की खिळा त्या टोपलीत. मास्तर काय बघायला येणारेत का आता?"

हे वाक्य त्यांनी साधंच म्हणलं होतं, पण मला ते असं लागलं! बघायला येणार न्हाईस, म्हणूनच टाकता येत नव्हता. तू जिवंत असतास तर मी केव्हाच टाकला असता, शप्पथ गेली चुलीत. तू आला असतास, मी उलटं बोलले असते, तू चहा न पिता गेला असतास आणि कापूरहोळवरनं परत आला असतास. आता परत कोण येतंय? मेलेल्या माणसाला फसवायचं म्हणजे फारच सोपं. मला ते जमंना.

मग एक दिवस आभाळ खरंच फाटलं. चार वाजता पडवीत दिवा लावायची वेळ आली. पहिली वीज कडाडली तेव्हा भांडी वाजली फळीवरची. माझ्या टोपलीतल्या कोंबडीनं मान वर काढली, तुझ्या टोपलीतली उठायच्या बेतात. मी खिळ्यांचा डबा काढला. खोटं कशाला सांगू, काढला. एक लांब खिळा घेतला आणि तुझ्या टोपलीशी बसले. हात कोंबडीच्या पोटाखालनं पेंढ्यापर्यंत न्यायचा, एवढंच काम. हात घातलासुद्धा. तिचं पोट असं तापलेलं. तिनं मला टोचलं, जोरात, आणि मग उठायच्या ऐवजी अंग टाकलं, पंख दोन्ही बाजूंनी पसरले आणि चपटी होऊन बसली. अंड्याची एक कडपण बाहेर दिसंना.

तेव्हा मला तुझी ती वाळूखालची आठवली. अशीच बसली असंल. तिच्या टोपलीत कुणी खिळा ठेवला होता?

मी हात काढून घेतला. तेवढ्यात डोक्यावर पोतं घेऊन कासाआत्या आली, भिजलेली, मुठीत नांगराचा जुना खिळा. "हिरा, सरक. तुला धीर व्हत न्हाई तर म्या घालते. भावाच्या नादानं लक्ष्मी घालवशील घरातली."

"आत्या, ह्या टोपलीला हात लावायचा न्हाई."

"अगं ईज बघ कशी पडतीय! तुझा भाऊ गेला त्यो गेला, आता त्येचं खूळ कशाला जपतीस?"

"आत्या, तुमी मोठ्या आहात. पण हात लावलात तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार न्हाई."

म्हातारी माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसली, खिळा मांडीवर ठेवून. प्रत्येक कडाक्याला ती पुटपुटायची आणि मी टोपलीची कड घट्ट धरायची. दादा, तुझ्यावर माझा विश्वास नव्हता. मला वाटत होतं, तुझी अंडी नासणार. मला खात्रीच होती. आणि मी आईचं अर्धं वाण डोळ्यांदेखत घालवत होते, तू चूक आहेस हे पक्कं माहीत असताना, फक्त तुला शब्द दिला म्हणून. असला राग मला जन्मात कधी आला न्हाई. पाऊस थांबेपर्यंत मी तुला शिव्या दिल्या आणि रडले. तू गेल्यानंतरचं माझं पहिलं रडणं ते.

एकविसावा दिवस आला. सकाळी माझ्या टोपलीत चोच लागली, एका अंड्याला, मग दुसऱ्याला. संध्याकाळपर्यंत पाच-सहा पिल्लं कोंबडीखालनं डोकी काढायला लागली. तुझ्या टोपलीत सामसूम. मी एक अंडं कानाशी धरलं. काही न्हाई. दुसरं धरलं. काही न्हाई. कासाआत्या दारातनं बघून गेली, टोमणा मारला न्हाई तिनं, तेवढी मोठी आहे ती. मी जिंकले होते. माझी बहीण बरोबर होती असं म्हणायला तू नव्हतास आणि मला ते ऐकायचंही नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की एक तरी फुटू दे. एक फुटू दे रे, मी सगळ्या गावाला सांगीन तू बरोबर होतास.

दुसऱ्या दिवशी उन्हं पडवीत आली, आणि तुझ्या टोपलीतनं आवाज आला, बारीक, अंड्याच्या आतनं. मी पालथी पडून बघायला लागले. एका अंड्याला तडा गेला, गोल गोल फिरत गेला, टोपण उचकटलं आणि ते बाहेर आलं. ओलं. काळं. लांब मान, केवढं डोकं, केवढाले डोळे. पंख कुठले, दोन बारीक हात होते ते, पुढं धरलेले. आणि पाय! एवढ्याशा जिवाला एवढाले पाय, तीन बोटं पुढं, नखं, आणि नखांपर्यंत चिकटलेली ओली लव. ते त्या पायांवर उठलं, पडलं, परत उठलं आणि तोंड उघडून माझ्याकडं बघून ओरडलं.

दादा, आईशप्पथ, मला दिसलं. तू एवढी वर्षं घसा फोडून सांगत होतास ते मला तेव्हा दिसलं. अंगणवाडीच्या भिंतीवर पोरांसाठी लावलेल्या चित्रात असतं, तेच माझ्या पेंढ्यात उभं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "अरे, हे तर तेच आहे!" आणि मागं वळून बघितलं. तू मागं असशील म्हणून. गुडघे टेकून, पांढऱ्या पँटीला माती लावून. नव्हतास. हे तुला सांगायचं राहिलं. ह्याच्यासाठीच मुळात लिहायला बसले.

दुपारपर्यंत तुझी टोपली भरली. तुझ्यातलं एकच अंडं गेलं, माझ्यातली दोन-तीन गेली. मी वहिनीला फोन लावला आणि म्हणलं, "वहिनी, दादा जिंकला." ती म्हणाली, "त्यांना आता सांगायचं कसं हो?" मग दोघी फोनवर रडलो. कासाआत्या पण आली, पिल्लांचे पाय बघितले, म्हणाली, "विजारी तर सगळ्यांस्नी हायत," आणि आपला खिळा घेऊन घरी गेली.

संध्याकाळी टोपल्या साफ करायला घेतल्या. कवचं, ओला पेंढा, सगळं उकिरड्यावर. माझ्या टोपलीतनं खिळा आणि मिरची काढून पायरीवर ठेवली. मग तुझी उलटी केली. पेंढ्याच्या तळातनं एक पुरचुंडी पडली. तुझा रुमाल. निळ्या काठाचा, वहिनीनं कड शिवलेला. अंड्यांना लागू नये म्हणून दोनदा गुंडाळलेला. मी तो पायरीवर ठेवून सोडला, आणि आतनं तुझा चुंबक निघाला. लाल रंग उडालेला. शेजारी पडलेला माझा खिळा टक् करून त्याला जाऊन चिकटला.

मी तिथंच बसले. पिल्लं पायांवरनं फिरत होती.

लबाडा! माझ्याकडनं आईची शप्पथ घेतलीस आणि मला पाणी आणायला पाठवून स्वतः लोखंड घातलंस? पेंढा उचकायचा न्हाई म्हणालास ते ह्याच्यासाठी? मला विजेच्या कडाक्यात रडवलंस, म्हातारीशी भांडायला लावलंस, आणि टोपलीत हे होतं? तुझा विश्वास होता का रे खिळ्यावर, आतल्या आत? का विश्वास नव्हता, पण आईचं वाण शेवटचं आहे म्हणून तुझं धाडस झालं न्हाई? का माझ्यासाठी ठेवलास? आणि शाळेत काय सांगणार होतास? तू खोटं बोलत न्हाईस, मग स्वतःच उठून प्रयोग बाद केला असतास का? ह्यातलं एक तरी सांगून जायचं होतंस. मी लई चिडले, दादा. आणि चिडले तेव्हाच मला एवढं बरं वाटलं, तू गेल्यापासनं वाटलं नव्हतं इतकं. रुमालाला तुझ्या तंबाखूचा वास होता, जी तू सोडलीस म्हणून सगळ्यांना सांगायचास.

वहिनीला कळवलं, चुंबक सापडला, माझ्याकडंच राहिला होता. कुठं, ते सांगितलं न्हाई. कोंबडी परत खुडूक बसली की परत दोन टोपल्या करणार आहे मी. एकीत खिळा, एकीत काही न्हाई. पेंढा मी अंथरणार आणि कुणाला पाणी आणायला पाठवणार न्हाई.

परवा वेल्ह्याच्या शाळेतनं फोन आला, तू रिटायर झाल्यावर तुझ्या जागी आलेल्या बाईंचा. म्हणाल्या, "ताई, मुलं रोज विचारतात, सरांच्या प्रयोगाचं काय झालं?" मागं वर्गाचा कलकलाट ऐकू येत होता. बाईंनी फोन मोठ्या आवाजावर लावला आणि सगळा वर्ग चिडीचूप झाला. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात तुझा चुंबक आणि माझा खिळा, अजून चिकटलेले.

मी म्हणलं, "बाळांनो, पिल्लं सगळी छान आहेत. पण प्रयोग बाद झाला. दुसऱ्या टोपलीतपण लोखंड निघालं."

"कुणी टाकलं?" एक पोरगी ओरडली.

"घरातल्याच माणसानं."

सगळा वर्ग खो खो हसला. बाई पण हसल्या, म्हणाल्या, "ताई, तुम्हीच ना! सर म्हणालेच होते आम्हाला, माझी बहीण गुपचूप टाकणार बघा."

मी न्हाई म्हणाले न्हाई. त्या वाळूखालच्या बिचारीलापण चोरच म्हणाले होते, अन् तिचं नाव अजून तेच आहे.